एकोणीस टक्क्यांची शाळा

मी वजनकाटे तपासतो. म्हणजे पोटापाण्यासाठी. फिलाडेल्फियात तुम्ही एखाद्या दुकानातून अर्धा पौंड हॅम घेतलंत आणि काट्यावर आमच्या खात्याची हिरवी चिठ्ठी दिसली, तर तिच्यावरची किरटी सही माझी असण्याचा दाट संभव आहे. एकवीस वर्षं हे काम करतो आहे. या काळात खाटकांनी मला शिव्या दिल्या, एका मासेवाल्या बाईने माझ्या बुटांवर जिवंत खेकडा सोडला, पण आकड्यावरचा माझा विश्वास ढळला नाही. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. बोललाच, तर त्याला लाल चिठ्ठी लावायला मी आहे. हे अशासाठी सांगितलं की पुढे जे काही झालं ते मी अडाणीपणाने केलं नाही, पूर्ण विचार करून केलं, हे ध्यानात असावं. विचार न करता केलं असतं तर एका दुपारीच उरकलं असतं.

आमची जोसेफिन, म्हणजे जोसी, पाच वर्षांची होणार होती. तिला शाळेत घालायचं होतं. एवढंच काम.

"त्यात काय बघायचंय?" माझी बायको रेनिटा म्हणाली. ती रुळांवरची ट्रॉली चालवते, त्यामुळे कुठलाही रस्ता सरळ आहे अशीच तिची समजूत असते. "चार गल्ल्या सोडून पर्व्हिस शाळा आहे. मी रोज तिच्या दारावरून जाते. पोरं सकाळी आत जातात, दुपारी बाहेर येतात. जेवढी आत जातात तेवढीच बाहेर येतात. आणखी काय हवं?"

"निकाल," मी म्हणालो.

राज्य सरकार दरवर्षी तिसरीपासून वरच्या मुलांची परीक्षा घेतं आणि कुठल्या शाळेत किती मुलं पास झाली ते जाहीर करतं. मी पर्व्हिसचा आकडा काढला. गणित, एकोणीस टक्के. मी पुन्हा पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं. एकोणीस. माझ्या हद्दीत एकोणीस टक्के खरं बोलणारा काटा सापडला असता तर तो मी दुकानदारासकट जप्त केला असता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. रेनिटाला लागली.

आमच्याकडे पोराला शाळेत घालणं ही खासगी बाब नसते. दुसऱ्या दिवशी मी घरासमोरच्या पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होतो, तेवढ्यात शेजारची कर्स्टन आली. कर्स्टनला कॅटाल्पा स्ट्रीटवर येऊन दोन वर्षं झाली होती. तिचा एमेट जोसीच्याच वयाचा. फार शांत मुलगा, दिवसभर गोगलगायी बघत बसणारा. कर्स्टनने शाळांचा तक्ता केला होता. सत्तेचाळीस शाळा, चौदा रकाने. चांगलं हिरवं, मध्यम पिवळं, वाईट लाल. पर्व्हिसची ओळ इतकी लाल होती की तक्त्याला कुठेतरी कापल्यासारखं वाटत होतं.

"तू चार्टर शाळांचे अर्ज भरलेस ना?" तिने विचारलं.

चार्टर शाळा म्हणजे सरकारच्या पैशावर, पण आपल्याच तंत्राने चालणाऱ्या. फी नाही. शहरात राहत असलात की झालं. फक्त जागा मूठभर आणि पोरं गाडाभर, म्हणून सोडत काढतात. मी अर्ज भरले नव्हते. मला तर सोडत असते हेच ठाऊक नव्हतं. पण एकवीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस 'माहीत नाही' असं म्हणत नाही.

"तेच चाललंय," मी म्हणालो.

"मुदत शुक्रवारी संपते," कर्स्टन म्हणाली आणि मला तो तक्ता पाठवून दिला. बाई मनाने चांगली.

समोरच्या पायऱ्यांवरून मिस अर्लीन हे सगळं ऐकत होत्या. मिस अर्लीन आमच्या गल्लीच्या प्रमुख. वय चौऱ्याहत्तर. कचरा कधी ठेवायचा, गाडी कुठे लावायची, कोणाचं लग्न मोडणार, हे सगळं त्यांच्या अखत्यारीत येतं. त्यातून त्यांनी एकतीस वर्षं पर्व्हिस शाळेच्या भोजनगृहात मुलांना वाढलेलं.

"किती टक्के म्हणालास, बाळा?"

"एकोणीस, मिस अर्लीन."

"एकतीस वर्षं मी त्या पोरांना वाढलं. एकोणीस हुशार आणि बाकीचे पालथे घडे, असं मला तर एकदाही दिसलं नाही."

"जेवण वेगळं, गणित वेगळं."

"असं? मग कोणी दुधाचे दोन डबे उचलले तर ते मला येऊन कोण सांगायचं? मी मोजत नव्हते. तीच मोजायची." मिस अर्लीननी शाल सारखी केली. "आणि तू स्वतः कुठे शिकलास रे? पर्व्हिसमध्येच ना?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो तर. तेव्हा तू पाचवी संपेपर्यंत सात आठे चोपन्न म्हणायचास. आता सगळ्या शहराचे काटे तपासतोस."

कर्स्टन दुसरीकडे बघत होती. मी बर्फ खरवडायला लागलो. जिथे बर्फ नव्हता तिथेही खरवडला.

तक्त्यात सगळ्यात हिरवी ओळ होती ब्लू हेरॉन अकॅडमीची. गणित, नव्वद टक्के. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जोसीला घेऊन शाळा बघायला गेलो. शाळा चकचकीत होती. भिंतीवर निकालांचे फलक, फलकांवर वर चढत जाणारे बाण. आणि मग एक वर्ग समोरून गेला. राखाडी स्वेटर घातलेली पंचवीस मुलं, एका रेषेत, हाताची घडी, गाल फुगवलेले. आवाज नाही. बुटांचासुद्धा नाही.

"यांचे गाल का फुगलेत?" जोसीने विचारलं.

"तोंडात हवेचा फुगा धरलाय," शाळा दाखवणारी तरुण बाई म्हणाली. "फुगा धरला की बोलता येत नाही. आमच्याकडे ये-जा करताना आणि जेवताना फुगा धरायचा असतो. तू धरून बघतेस?"

जोसीने धरला. मी भारावून गेलो. आमची जोसी म्हणजे झोपेतही बोलणारं पोर. ती मांजराशी बोलते, गॅसच्या मीटरशी बोलते, आंघोळीच्या पाण्याला ते कुठून आलं ते विचारते. ही पोरगी एका मिनिटात गप्प होते म्हणजे शिक्षण यालाच म्हणायचं, असं मला वाटलं.

तिने तो फुगा दोन दिवस सोडला नाही. पहिल्या दिवशी मी शांतपणे सबंध वर्तमानपत्र वाचलं, जे मी लग्न झाल्यापासून वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रेनिटाने जोसीच्या आवडीची मॅकरोनी आणि चीज केली. तिघं जेवायला बसलो. काट्या-चमच्यांचा आवाज तेवढा येत होता. घरात कोणीतरी आजारी आहे आणि डॉक्टर अजून खाली उतरले नाहीत, असं वाटायला लागलं.

"पास झालीय वाटतं," रेनिटा म्हणाली.

मी ताटातली मॅकरोनी उगाच ढवळत राहिलो. माझंच काम, माझीच पोरगी, आणि बोलणार काय.

खरं तर मला तेव्हाच एक गोष्ट कळली होती, ती इथे कबूल करून टाकतो. शाळा दाखवून झाल्यावर पालकांची सभा होती, तिथे मी सवयीने विचारलं होतं, "नव्वद टक्के म्हणजे कितीपैकी किती?" धंद्याची खोड, दुसरं काही नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, "तिसरीत वीसपैकी अठरा." मी म्हटलं, "तिसरीत वीसच मुलं?" त्या म्हणाल्या, "पहिलीत सत्तर असतात. मग काही कुटुंबांना आमची पद्धत मानवत नाही." आता हेच एखाद्या फळवाल्याने केलं असतं, सत्तर पीच आणून पन्नास मागच्या दाराने काढले असते आणि उरलेल्यांवर 'नव्वद टक्के गोड' अशी पाटी लावली असती, तर मी तिथल्या तिथे लाल चिठ्ठी काढली असती. पण नव्वद हा आकडा दिसायला फार देखणा असतो. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. शिकल्या-सवरल्या माणसालाही लोभ सुटतो.

मी निकालाच्या उतरत्या क्रमाने आठ शाळा भरल्या. सोडत निघाली. एका शाळेत जोसी प्रतीक्षा यादीत चारशे बाराव्या नंबरवर होती, एकीत दोनशे अडुसष्टाव्या. तिसऱ्या शाळेने नुसतंच 'आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत' असं कळवलं. ब्लू हेरॉनमध्ये मात्र नंबर तिसरा. एमेटचा चौथा. त्यानंतर आठवडाभर कर्स्टन मला 'गुड मॉर्निंग' म्हणताना दातांवर दात ठेवून म्हणत होती.

तिसरा नंबर म्हणजे लग्नात आता लगेच पुढच्याच पंगतीला बसायला मिळणार असं कळणं. आशा सुटत नाही आणि जेवण मिळत नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. रोज मी टपाल आणि फोन दोन्ही तपासायचो. शेवटी जूनच्या पहिल्या आठवड्यात रेनिटाने निर्वाणीचा इशारा दिला.

"पर्व्हिसमध्ये नाव घालून ये. नाहीतर पोरगी माझ्याबरोबर ट्रॉलीवर येईल, आणि ती बोलत राहिली तर माझी नोकरी जाईल."

मी पर्व्हिसमध्ये गेलो. कबूल करतो, जरा नाकाने कांदे सोलतच गेलो. एकोणीस टक्क्यांच्या शाळेला माझ्यासारख्याची मुलगी मिळते आहे, तेव्हा दारात कोणीतरी स्वागताला येईल अशी माझी अंधूक कल्पना होती. ऑफिसात मिस यार्बरो बसल्या होत्या. शाळेत मुख्याध्यापक असतात असं म्हणतात, पण शाळा मिस यार्बरोंची.

"जन्मदाखला," त्या म्हणाल्या. दिला. "लशींचा कागद." दिला. "पत्त्याचे दोन पुरावे."

मी गॅसचं बिल आणि पाण्याचं बिल टेबलावर ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचली.

"व्हेस्टा टिलरी कोण?"

"माझी आत्या. घर तिचं होतं."

"मग सोपं आहे. आत्यांना म्हणावं, येऊन एका कागदावर सही करा की हे कुटुंब माझ्याकडे राहतं."

"आत्या वारली. अकरा वर्षं झाली."

मिस यार्बरोंनी बिल पुन्हा पाहिलं. "मागच्या महिन्यात यांनी गॅस वापरलाय."

"तो आम्ही वापरलाय."

"इथे तसं लिहिलेलं नाही."

आता हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण कॅटाल्पा स्ट्रीटवर निम्मी घरं वारलेल्या माणसांच्या नावावर आहेत. घर आत्याचं होतं, आत्या गेली, मी राहायला आलो. कोर्टात जाऊन नाव बदलायचं राहून गेलं. दर वर्षी या वर्षी बदलू असं म्हणायचं. आत्याचं नाव बिलावर वाचलं की बरंही वाटायचं.

"वाहन परवाना?" मिस यार्बरोंनी विचारलं.

माझ्या परवान्यावर जर्मनटाउनमधल्या लग्नाआधीच्या खोलीचा पत्ता होता. रेनिटाच्या परवान्यावर तिच्या आईचा पत्ता, अप्पर डार्बीचा, कारण शहराबाहेर गाडीचा विमा स्वस्त पडतो. मी सरकारी तपासनीस आहे आणि मला हे ठाऊक होतं, यावर जास्त बोलू नये. थोडक्यात, कागदोपत्री मी जर्मनटाउनला राहत होतो, बायको माहेरी राहत होती, आणि आमच्या घरात माझी वारलेली आत्या एकटी राहून भरपूर गॅस जाळत होती.

"आणि मुलगी?" मिस यार्बरो म्हणाल्या.

"मुलीचं ग्रंथालयाचं कार्ड आहे."

"ते चालत नाही."

मी हतबुद्ध झालो. ज्या शाळेला मी जानेवारीत नाकारलं होतं, ती शाळा जूनमध्ये मला नाकारत होती. आणि जी कागदपत्रं इथे लागतात तीच चार्टर शाळेतही लागतात, हे मिस यार्बरोंनी मला जाता जाता, अगदी सहज सांगितलं. म्हणजे ब्लू हेरॉनचं बोलावणं आलं असतं तरी घोडं इथेच अडलं असतं. जोसीला या शहरातली एकही शाळा घेणार नव्हती.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी चार वेळा पर्व्हिसच्या ऑफिसातल्या बाकावर बसलो. एकदा बँकेचं पत्र घेऊन. ते जर्मनटाउनला गेलेलं होतं. एकदा पाद्रीबाबांचं पत्र घेऊन. ते फार सुंदर होतं, त्यात माझ्या आत्म्याचा पत्ता होता. एकदा आत्याचा मृत्यूचा दाखला घेऊन. तो पाहून मिस यार्बरो म्हणाल्या, "म्हणजे आता या घरात कोणीच राहत नाही."

पण बाकावर बसलं की दिसतं. तिसऱ्या खेपेला माझ्याशेजारी तिसरीतल्या तीन मुली बसल्या होत्या. तिघींत एक मऊ प्रेट्झेल, म्हणजे वेटोळं घातलेला खारा पाव. त्यातल्या अमिनाताने तो तोडायला घेतला. ती फेब्रुवारीत गिनीहून आली होती; इंग्रजी अजून हातवाऱ्यांवर चालायचं. प्रेट्झेल वेडावाकडा असतो, त्याचे तीन सारखे भाग करणं सोपं नाही. तिने तो फिरवून पाहिला, मनाशी काहीतरी मांडलं, आणि दोन ठिकाणी तोडला. माझी नजर मुरलेली आहे. तिन्ही तुकड्यांत पाव औंसाचा फरक नव्हता. वर मीठ कमी पडलेला तुकडा तिने स्वतःला ठेवला.

"ही गणितात पास आहे?" मी मिस यार्बरोंना हळूच विचारलं.

"नाही. प्रश्न इंग्रजीत असतात." त्या टाइप करतच होत्या. "एप्रिलमध्ये परीक्षेला बसलेल्यांतली निम्मी पोरं आदल्या सप्टेंबरात इथे नव्हती, मिस्टर टिलरी. कोणाचं घर गेलं म्हणून येतात, कोणी विमानतळावरून येतात. आम्ही परत पाठवत नाही. पत्ता मात्र लागतो."

नव्वद टक्क्यांमागचे पन्नास कुठे गेले ते मला आधीच माहीत होतं. एकोणिसात कोण कोण आलं ते आज कळलं. अकलेच्या बाबतीत माझ्या काट्याला जरा उशिरा वजन लागतं.

चौथ्या खेपेला मिस यार्बरोंना माझी दया आली असावी, किंवा बाक मोकळा हवा असावा. त्या म्हणाल्या, "शेवटचा एक उपाय आहे. घरभेट. खात्याचे मिस्टर लंडी घरी येतात, न सांगता. शेजारीपाजारी विचारतात. तुम्ही तिथे राहता अशी त्यांची खात्री झाली की ते पत्र देतात. ते कुठल्याही शाळेत चालतं."

मी अर्ज केला. आता शेजाऱ्यांवर भिस्त म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. या गल्लीत मी जन्मलो. इथल्या प्रत्येक माणसाने मला अर्ध्या चड्डीत पाहिलंय. फक्त ही घरभेट होणार आहे, हे शेजाऱ्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. घराचे कागद कसे नाहीत हे मिस अर्लीनना कोणत्या तोंडाने सांगणार?

जुलै गेला. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी फोन वाजला. ब्लू हेरॉन. तीन कुटुंबं गावाबाहेर गेली होती, जोसीचा नंबर लागला होता. "सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवा आणि पत्त्याचे पुरावे आणा. नाहीतर जागा पुढच्या नंबराला जाईल." पुढचा नंबर म्हणजे एमेट.

मी रेनिटाला सांगितलं. ती म्हणाली, "पत्ता कुठाय?" आणि कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमच्या गल्लीची मेजवानी होती. वर्षातून एकदा गल्लीची दोन्ही तोंडं अडसर लावून बंद करतात, शेगड्या रस्त्यावर येतात, पोरांसाठी हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला येतो, आणि मिस अर्लीन अडसराजवळ खुर्ची टाकून बसतात. मी ॲप्रन बांधून बरगड्यांचं मांस भाजत होतो. आणि त्याच दिवशी, त्याच वेळेला, मिस्टर लंडी आले. गाडी तीन गल्ल्या लांब लावावी लागलेली, गळ्यात टाय, हातात कागदांची फळी, अंगाला घामाच्या धारा.

त्यांनी मिस अर्लीनना विचारलं, "वर्नन टिलरी कुठे राहतात?"

आता आमच्या गल्लीची एक रीत आहे. टाय लावलेला माणूस हातात कागद घेऊन कोणाचं पूर्ण नाव विचारायला लागला, की तो कोर्टाचं समन्स घेऊन आलाय असं धरून चालायचं. अशा वेळी आपला माणूस आधी नाहीसा करायचा, चौकशी मागाहून.

"टिलरी?" मिस अर्लीन म्हणाल्या. "एक व्हेस्टा टिलरी होती. देवाघरी गेली बिचारी. वर्नन नावाचं कोणी ऐकलं नाही बाई."

मिस्टर लंडी पुढे गेले. गाण्याच्या दणदणाटात मला काही ऐकू येत नव्हतं. मिस अर्लीननी हात वर करून दोन बोटं हलवली, एवढं दिसलं. ही खूण लहानपणापासून रक्तात भिनलेली. बघता बघता ती घरोघर पोचली. कोणीतरी माझ्या दंडाला धरलं आणि कानात म्हणालं, "वर्नन, आत हो." मी विचारलंसुद्धा नाही की का. एकवीस वर्षं सरकारी नोकरी, स्वच्छ हिशोबाचा माणूस, मी हातातल्या चिमट्यासकट त्या हवेच्या किल्ल्यामागे उकिडवा बसलो.

तिथून मला थोडं थोडं ऐकू यायला लागलं. मिस्टर लंडी घरोघर फिरत होते आणि घरोघर मी नव्हतो. "वर्नन? नाही." "ते घर रिकामं असतं." "टिलरी म्हणजे प्लंबर का? तो तर डेलावेअरला गेला." डेलावेअरला मला ज्याने पाठवलं तो मला आठवड्याला दोनदा भेटतो. मग ते कर्स्टनकडे आले. कर्स्टन खरं बोलणारी बाई. तिच्या तक्त्यात 'विश्वासार्हता' नावाचा रकाना होता.

"वर्नन टिलरी?" कर्स्टन म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "नाही हो. असं इथे कोणीच नाही."

आणि ती वळली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. असा आनंद मी तिच्या तोंडावर दोन वर्षांत बघितला नव्हता. मिस अर्लीननी लांबून मान डोलावली. त्या क्षणी कर्स्टन कॅटाल्पा स्ट्रीटची झाली.

शेवटी मिस्टर लंडी घाम पुसत म्हणाले, "तर मग जोसेफिन टिलरीला शाळेत जागा देता येणार नाही, असं लिहितो."

गाणं बंद पडलं. मग जे झालं ते विचारू नका. "आमचा वर्नन? इथेच जन्मला तो." "माझ्या अंगाखांद्यावर खेळलाय." "अहो, समोर राहतो, आत्ता इथे मांस भाजत होता." सोळा माणसं एकदम बोलत होती आणि सगळी माझ्या बाजूने होती. मी किल्ल्यामागून उठलो. गुडघ्यांना माती, ॲप्रनवर चटणी, हातात चिमटा.

"मी वर्नन टिलरी," मी म्हणालो.

मिस्टर लंडींनी माझ्याकडे, मग चिमट्याकडे पाहिलं. घर बघितलं. जोसीने त्यांना मांजर, मीटर आणि स्वतःचा पलंग दाखवला, सगळ्यांची माहिती दिली. मिस अर्लीननी पुढे केलेलं ताट त्यांनी नाकारलं. अशा वेळी खाऊ नये, हा नियम मलाही आहे. त्यांनी काहीतरी लिहिलं, पान उलटं केलं आणि म्हणाले, "अहवाल सोमवारी सकाळी शाळेत मिळेल."

"मी मेले," मिस अर्लीन म्हणाल्या. "बाळा, आधी सांगायचं नाही का रे?"

रविवार वाईट गेला. आधी हात दाखवून अवलक्षण, त्यात गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन माफी मागत होता आणि केक देत होता. घरात सात केक झाले. संध्याकाळी जोसी माझ्याजवळ येऊन बसली.

"त्या फुग्याच्या शाळेत गेले तर फुगा रोज धरायचा?"

"फक्त ये-जा करताना. आणि जेवताना."

"मग तेव्हा काही सांगायचं असलं तर ते कुठे ठेवायचं?"

सत्तेचाळीस शाळांचे आकडे मला पाठ होते, पण याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नव्हतं. मला ती दोन दिवसांची शांतता आठवली, तो मॅकरोनीचा वास आणि चमच्यांचा आवाज. ती शांतता मला रोज नको होती. इतकं साधं होतं ते, आणि तिथे पोचायला मला आठ महिने लागले.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी ब्लू हेरॉनला फोन करून नाही सांगितलं.

"आधी अहवाल तर बघायचा होतास," रेनिटा म्हणाली. "पर्व्हिसने नाही म्हटलं तर?"

"नाही म्हटलं तर नाही म्हटलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण असं पाहिलेलं मला फारसं आठवत नाही. "ट्रॉलीवर पुढची जागा ठेवते तिची," ती म्हणाली.

जोसीचा हात धरून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा कर्स्टन पायऱ्यांवर फोन कानाला लावून उभी होती आणि रडत होती. एमेट तिच्या पायाशी गोगलगाय बघत होता. एमेटला ती शाळा आवडेल. त्याच्या तोंडात तो फुगा जन्मतःच आहे. कर्स्टनने माझ्याकडे पाहून नुसता हात हलवला. मीही हलवला.

पर्व्हिसच्या ऑफिसात मिस यार्बरोंच्या समोर अहवाल होता. त्या वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा वरपासून वाचला. जोसी बाकावर बसून शेजारच्या मुलाला किल्ल्यामागे बाबा कसे लपले होते ते सांगत होती, आणि मला तिला थांबवायचं धैर्य नव्हतं.

"वाचून दाखवू?" मिस यार्बरो म्हणाल्या.

"दाखवा."

त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "सदर गल्लीत चौकशी केली. सोळा शेजाऱ्यांनी वर्नन टिलरी नावाच्या इसमास ओळखत नसल्याचे सांगितले. सोळाही जणांनी हे तात्काळ सांगितले, आणि माझे काम काय ते एकानेही विचारले नाही. माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवात, गल्लीत न राहणाऱ्या माणसासाठी इतके लोक इतके खोटे बोललेले नाहीत. रहिवास सिद्ध."

मग त्यांनी खण उघडला, शिक्का काढला आणि जोसीच्या अर्जावर मारला.